मदत हवी आहे: सशाच्या दोन्ही डोळ्यांचा ईआरजी (प्रकाशाला रेटिना देते त्या विद्युत प्रतिसादाचा आलेख) खाली आलाय

नमस्कार मंडळी. मी खानापूरची, बेळगावात एम.फार्म. करतेय. प्राणी नैतिकता समितीच्या परवानगीनं पांढऱ्या सशांच्या डोळ्यात औषध टोचून रेटिनाला (डोळ्याच्या आतल्या पडद्याला) इजा होते का, ते बघतेय. उजव्या डोळ्यात औषध, डाव्यात औषधाशिवायचं नुसतं द्रावण, दोन्हीकडे 0.05 मिली. सशाच्या डोळ्यातला काचरस (आतला जेलीसारखा भाग) जेमतेम 1.5 मिली, माणसाचा 4 च्या आसपास, म्हणून डोस त्या हिशेबानं उतरवलाय.

घोळ असा, की सातव्या दिवशी ईआरजी काढला तर बी-वेव्ह (आलेखातली वर चढणारी मोठी लाट) दोन्ही डोळ्यांत खाली. इंजेक्शनाआधीचा आलेख चांगला होता. औषधाचाच दोष असता तर डावा डोळा शाबूत राहायला हवा ना? माझा संशय भुलीवर आहे. केटामाइन-झायलाझिननं ससा गार पडला होता, कान हाताला थंडगार लागत होते. शिवाय ईआरजीआधी डोळे अंधाराला सरावावेत म्हणून ससा अंधारात ठेवलेला असताना शिपाईमामांनी "चहा घेणार काय?" म्हणत सताड दार उघडलं! अंधाराची वेळ पुन्हा पहिल्यापासून मोजायला हवी होती, मी मोजली नाही. चूक माझीच.

त्याच सशांचा ईआरजी अंगाखाली गरम पॅड ठेवून पुन्हा काढला तर चालेल का? किती दिवसांनी?

आणखी एक. फॉर्मॅलिनमध्ये (ऊती टिकवायचं द्रावण) ठेवलेल्या डोळ्यांच्या जुन्या स्लाइडवर रेटिना सुटून दुमडलेली दिसते. डेव्हिडसन द्रावणानं (तेही ऊती टिकवायचंच) हे कमी होतं म्हणतात. कुणी स्वतः वापरलंय? डोळा किती तास ठेवलात?

बेळगाव, हुबळी, कोल्हापूर, कुठंही ईआरजीवर हात बसलेलं कुणी असेल तर सांगा. शनिवारी बसनं येऊन जाईन.