.३७५ मॅग्नमच्या काडतुसांचा खर्च झेपत नाही, काय करावं?

केळीबाग_यावल
राम राम मंडळी. आमच्या आबांची .३७५ मॅग्नम बोल्ट अॅक्शन रायफल आबा गेल्यावर वारसाने माझ्या लायसन्सवर आली, कागदपत्रं सगळी व्यवस्थित आहेत. शिकार १९७२ च्या कायद्याने बंद आहे हे माहितीय, मला शिकार करायचीही नाही. पण रायफल नुसती कपाटात ठेवून गंजवायची नाही, वर्षातून दोनदा तरी रेंजवर नेऊन नीट चालवता आली पाहिजे असं वाटतं, आबांनी फार जपली होती ती. अडचण पैशाची आहे. दुकानदाराने एका काडतुसाचा जो भाव सांगितला त्यात आमच्याकडे केळीचे घड वाहणाऱ्या तीन माणसांची दिवसाची मजुरी निघते आणि मागच्या खेपेला सहा गोळ्या झाडल्या तर सहाही वेगवेगळीकडे गेल्या, म्हणजे पैसे अक्षरशः मातीत. आबांनी जपलेल्या, झाडलेल्या काडतुसांच्या चाळीसेक रिकाम्या पुंगळ्या घरात आहेत, त्या परत भरता येतात का? आणि माळ्यावर किनॉक या इंग्लिश कंपनीच्या काडतुसांचं एक जुनं लाल-पिवळं पाकीट सापडलंय, ते रेंजवर वापरून टाकलं तर चालेल का?

चांदमारी_धुळे
भाऊ, पहिले पुंगळ्यांचं सांगतो कारण त्यात माणूस अडकतो. काडतूस भरणं म्हणजे कायद्याच्या नजरेत काडतूस बनवणंच, त्याला वेगळं लायसन्स लागतं, आपल्या रायफलच्या लायसन्सवर ते चालत नाही. आर्म्स अॅक्टचं कलम ५ आणि २५ वाच, २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी सात वर्षांची सजा आहे. कोणी बिनपावतीचा स्वस्त माल देतो म्हणाला तर तिकडेही जाऊ नको.

माळ्यावरचं पाकीट झाडू नको. आपल्याकडचे उन्हाळे तुला माहितीयेत, पत्र्याखालच्या माळ्यावर इतकी वर्षं तापलेली काडतुसातली दारू आत काय झालीय ते बाहेरून कळत नाही. चाप ओढल्यावर आवाज नाही आला तर लगेच बोल्ट (काडतूस आत-बाहेर करायचा मागचा दांडा) उघडायचा नाही, नळी टार्गेटकडेच धरून निदान अर्धा मिनिट थांबायचं, कधीकधी गोळी उशिरा सुटते. पण ती वेळच का आणायची. ते पाकीट तुझ्या लायसन्सवर चढलंय का ते बघ आणि पोलीस स्टेशनला विचारून रीतसर जमा कर.

आता मुद्द्याचं. सहा गोळ्या सहा दिशेला गेल्या तर आधी गोळीला दोष देऊ नको. रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री कर आणि दस्त्याचे स्क्रू, दुर्बीण असेल तर तिच्या माउंटचे, म्हणजे ती धरून ठेवणाऱ्या कड्यांचे, स्क्रू तपास. मॅग्नमचा धक्का मोठा असतो, स्क्रू आपोआप ढिले होतात. जुना लाकडी दस्ता पावसाळ्यात फुगतो, त्यानेही नेम सरकतो. मग बोल्ट काढून नळीतून २५ मीटरवरचा ठिपका बघायचा, रायफल न हलवता दुर्बिणीची खूण त्याच ठिपक्यावर आणायची, यात एक पैसा लागत नाही. त्यानंतर पहिली गोळी २५ मीटरवरच, १०० वर नाही, म्हणजे निदान कागदावर तरी लागते. दुर्बिणीचं चाक एक खटका फिरवलं की एक क्लिक, पाव इंची क्लिक म्हणजे १०० यार्डाला पाव इंच नेम सरकतो, २५ ला त्या क्लिकचा परिणाम चौथा हिस्साच होतो, म्हणून क्लिक चौपट द्यावे लागतात. हे न कळल्यामुळे माणसं डझनभर काडतुसं जाळतात. असं केलं तर चार-पाच गोळ्यांत काम होतं.

अमळनेरकर_टेक्सास
मी बी अमळनेरनाच शे भाऊ, बारा वर्षं झाली इकडे. इथे रीलोडिंग, म्हणजे पुंगळ्या घरी परत भरणं, कायदेशीर आहे आणि मी माझ्या .३०० विन मॅग (विंचेस्टर मॅग्नम) रायफलसाठी करतो. एका काडतुसाला सत्तरेक ग्रेन दारू लागते, ग्रेन हे वजनाचं माप, पौंडात ७००० ग्रेन, म्हणजे पौंडाच्या डब्यात शंभरच्या आसपास भरून होतात. खरी बचत पुंगळीत असते, ती पाच-सहा वेळा वापरता येते, फक्त मॅग्नमच्या पुंगळीला बुडाशी पट्टा असतो त्याच्या जरा वर ती चिरते, त्यावर लक्ष ठेवावं लागतं. तुला हे सांगतोय ते माहिती म्हणून, तिकडे करू नको, वर दादांनी लिहिलंय ते बरोबर आहे.

पण एक सांगू का, रीलोडिंग करूनही माझे पैसे जास्त वाचले ते लहान .२२ रायफलमुळे. वर्षभराच्या सरावात मॅग्नमच्या गोळ्या पंधरा-वीसच, बाकी सगळा सराव .२२ वर. तुझी गोळी ३०० ग्रेनची असेल तर ती १९ ग्रॅमच्या वर जाते, .२२ ची अडीच ग्रॅमची असते, धक्का जवळपास नाहीच. मॅग्नमवरच शिकायला गेलं की खांदा दुखतो, मग माणूस चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतो आणि दचकतो, आणि ती सवय लागली की कितीही महाग गोळी आण, ती टार्गेटवर जाणार नाही. मित्राला डमी (दारू नसलेली खोटी) आणि खरी गोळी मिसळून भरायला सांग, कुठली कोणती ते आपल्याला कळू द्यायचं नाही. डमीवर नळी हलली की समजायचं दोष आपला आहे.

चांदमारी_धुळे
एकदम बरोबर. आणि .२२ ला लायसन्स नसेल तर जिल्ह्याच्या रायफल क्लबला जा, किंवा .१७७ ची एअर रायफल घे, २० ज्यूलच्या आतली असेल तर तिला लायसन्स लागत नाही. ओसरीत दहा मीटर मोजून रोज पन्नास छर्रे झाड, खर्च चहाएवढा. मागे माती भरलेली पोती लाव म्हणजे छर्रा उसळत नाही.

अजून एक, काडतुसं गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नको. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, तापलेल्या दारूचा दाब वाढतो आणि गोळी वर लागते, मग आपण उगाच क्लिक फिरवत बसतो. सकाळी लवकर रेंजवर जायचं. आणि घेताना एकाच लॉटची, एकाच वजनाची घे. आज ३०० ग्रेन, उद्या २७० असं केलं की दर वेळी नेम नव्याने बसवावा लागतो आणि स्वस्तात मिळालेलं पाकीटच महाग पडतं.

शेतकरी_चोपडा
वरणगावला आयुध निर्माणी आपल्या दाराशी आहे, पण तिथे फौजेचं काम, आपल्या .३७५ ला त्याचा उपयोग नाही. .३१५ ची काडतुसं मात्र आपल्याच देशात, खडकीला बनतात म्हणून तुलनेने स्वस्त. डुकरांचा त्रास असेल आणि वनखात्याची लेखी परवानगी मिळाली तरी मॅग्नम बाहेर काढू नको भो. ती गोळी डुकरातून आरपार जाऊन पलीकडच्या मळ्यात जाते आणि रात्री पाण्याच्या पाळीला माणसं शेतात असतात. हे मी पैशासाठी सांगत नाही.

केळीबाग_यावल
सगळ्यांचे मनापासून आभार. परवाच स्क्रू बघितले, पुढच्या माउंटचा अर्धा फेरा ढिला होता. म्हणजे त्या सहा गोळ्या तिथेच गेल्या, फार वाईट वाटलं. रविवारी सकाळी सातला रेंजवर गेलो, नळीतून बघून दुर्बीण बसवली, २५ मीटरवर दोन आणि १०० वर तीन झाडल्या. १०० च्या तिन्ही बोटभर अंतरात लागल्या. पाकिटाबद्दल पोलीस स्टेशनला विचारलं, सोमवारी अर्ज घेऊन बोलावलंय. पुंगळ्या तशाच ठेवतोय, आबांची आठवण आहे, पण त्या ठेवायला काही अडचण नाही ना, तेही तिथेच विचारून घेतो. एअर रायफलसाठी धाकट्याने जागा मोजून ठेवलीय, गोठ्यापासून विहिरीपर्यंत बरोबर दहा मीटर भरतं.