चांदोलीच्या रानात : तुमचे अनुभव लिहा

सह्यगंधा
आज सकाळी सासूबाईंच्या खोकल्यासाठी सहाणेवर हिरडा उगाळत होते. त्या तुरट वासासरशी चांदोलीचा झोळंबीचा सडा, म्हणजे तिथले खडकाळ पठार, डोळ्यांपुढे उभा राहिला आणि हात थांबला. जानेवारी २०१२ मध्ये आम्ही मणदूरच्या बाजूने राष्ट्रीय उद्यानात गेलो होतो. सड्याच्या कडेला एका झाडाखाली हिरड्यांचा सडा पडला होता. मी वाकून एक उचलला, तेव्हा सोबतच्या वाटाड्याने तो मला नम्रपणे खाली ठेवायला लावला, कारण राष्ट्रीय उद्यानातून वाळलेले पानसुद्धा बाहेर न्यायचे नसते. तो स्वतः लहानपणी आईबरोबर याच सड्यावर पोतीच्या पोती हिरडा गोळा करत असे. हे सांगताना त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, पण तो काही क्षण त्या झाडाकडेच पाहत राहिला.

पुढे जुन्या भातखाचरांमध्ये वीस-बावीस गव्यांचा कळप चरत होता. गाव उठले, नांगर थांबला, खाचरांत गवत माजले आणि गव्यांना आयते कुरण मिळाले, असे त्याने समजावले. मोठा नर मान वर करून आमच्याकडे पाहू लागला. काळ्या अंगाखाली चारही पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे दिसत होते आणि नाकपुड्यांतून निघणारी वाफ थंडीत स्पष्ट दिसत होती. आम्ही पाच जण होतो, पण कोणी श्वासाचाही आवाज केला नाही. परत येताना कारवीच्या दाटीत एक दगडी तुळशीवृंदावन दिसले. त्याचा एक कोपरा तुटला होता, पण कोनाड्यात पणतीच्या काजळीचा डाग अजून होता. गव्यांपेक्षाही तो डाग मला जास्त आठवतो.

आपण कोणी चांदोलीला गेला असाल, किंवा तिथलेच असाल, तर कृपया लिहा.

कृष्णाकाठची
ताई, तुमचे लिहिणे वाचून भाजी चिरता चिरता थांबले. माझ्या आईचे माहेर त्या जंगलात होते. धरण आले तेव्हा काही गावे पाण्याखाली गेली, आणि अभयारण्य झाल्यावर आणखी कितीतरी गावांना उठावे लागले. आजोबांना सपाटीवर जमीन मिळाली, ती चांगलीही निघाली, परंतु ते शेवटपर्यंत संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून बसत. ग्रामदेवतेच्या पूजेसाठी परवानगी काढून एकदा आईबरोबर मीही गेले होते. घराचे जोते, जात्याची तळी आणि परसातला आंबा एवढेच उरले होते. आईने जोत्यावर हळदकुंकू वाहिले आणि उंबरा जिथे होता तिथूनच आत गेली, भिंत नसताना.

तुम्ही पाहिलेल्या वृंदावनाशेजारी फणसाचे झाड होते का, एवढे आठवून सांगाल का?

पायवाट
आम्ही या उद्यानाला कोकणाच्या बाजूने भेटलो, म्हणजे संगमेश्वर तालुक्यातल्या शृंगारपुरातून प्रचितगडावर चढून. येसूबाईंचे माहेर असलेले हे गाव अगदी डोंगराच्या कुशीत आहे, आणि तिथून वर पाहिले की गड अंगावर येतो. शेवटच्या टप्प्यात शिडी आहे. तिच्यावर पाय ठेवताना खालची दरी पाहू नये, असे मी प्रत्येकाला सांगतो. माथ्यावर तोफा आहेत, पाण्याची टाकी आहेत, आणि पूर्वेला नजर जाईल तिथवर चांदोलीचे जंगल आहे, ज्यात एकही छप्पर किंवा विजेचा खांब दिसत नाही. महाराष्ट्रात असे दृश्य किती ठिकाणी उरले आहे? दुपारी वारा पडला तेव्हा खालून भेकराचा भुंकल्यासारखा आवाज आला. आमच्यातला एक मुलगा म्हणाला की कुत्रा हरवलेला दिसतो, आणि गावातल्या दादांनी त्याला सांगितले की ते हरीण आहे, त्याने बिबट्या पाहिला असावा. त्यानंतर अर्धा तास आम्ही सगळे एकमेकांना चिकटून बसलो होतो.

रानवाटा
पायवाट, पावसाळ्यात ही चढाई करू नये, हेही लिहायला हवे. त्या भागात पाऊस आवरत नाही. जवळच्याच पाथरपुंजला अलीकडच्या काही वर्षांत राज्यातला सर्वाधिक पाऊस नोंदवला गेला आहे. शिवाय जळवा असतात. माझ्या भावाच्या मोज्यातून एकदा अकरा निघाल्या होत्या.

पायवाट
खरे आहे. आम्ही डिसेंबरात गेलो होतो.

वारणेचा शेतकरी
नमस्कार. आमचे गाव उद्यानाच्या वेशीवर, शाहूवाडी तालुक्यात आहे. आपण सर्वांनी गव्यांचे कौतुक केले, ते योग्यच आहे, पण ते आमच्या उसात येतात तेव्हा एका रात्रीत वर्षाचा घाम जातो. गेल्या हंगामात अर्ध्या एकराचे नुकसान झाले आणि पंचनाम्यासाठी मला एका कार्यालयाचे चार हेलपाटे मारावे लागले. तरीही एक गोष्ट सांगतो. फेब्रुवारीतल्या एका पहाटे मी राखणीच्या माचाणावरून उतरत होतो, तेव्हा ओढ्यावर एक मादी आणि तिचे तांबूस सोनेरी वासरू पाणी पीत होते. वासराचे पाय चिखलात रुतले, आणि ती मोठी गाय पुढे होऊन त्याला नाकाने हळूहळू वर ढकलत राहिली. माझ्या हातात फटाके होते, ते मी वाजवले नाहीत. जंगल राहिले पाहिजे हे मलाही मनापासून वाटते, म्हणूनच भरपाई वेळेवर मिळाली पाहिजे असे मी कळकळीने म्हणतो.

कृष्णाकाठची
दादा, तुमचे म्हणणे अगदी रास्त आहे. आमच्या पुनर्वसित गावातही हीच व्यथा आहे.

माईचा संसार
कुकरच्या शिट्ट्या मोजत लिहिते आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. मुलांना घेऊन आम्ही उद्यानातल्या 'जनीचा आंबा' या ठिकाणापर्यंत गेलो होतो. वाटेत शेकरू दिसले. लांब शेपटी झुलवत ते एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर इतक्या हलकेपणाने गेले की धाकटा म्हणाला, 'आई, ते उडत आहे.' राज्यप्राणी पुस्तकात पाहणे वेगळे आणि डोक्यावर पाहणे वेगळे. आम्ही वारणेच्या धरणाचा फुगवटाही पाहिला. धरणाची क्षमता ३४.४० टीएमसी आहे, असे नवऱ्याने मुलांना सांगितले, आणि मी मात्र त्या पाण्याखाली कोणाची घरे असतील याचाच विचार करत होते. कृष्णाकाठच्या ताईंचे वाचून आता ते अधिक जाणवते आहे.

सड्याचा सोबती
मला वनस्पतींचा छंद असल्याने ऑक्टोबरात चांदोलीला जाणे झाले. सड्यावरचे जांभ्याचे खडक कोरडे पडू लागले होते, तरी खळग्यांतल्या उरल्यासुरल्या ओलीत दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीची बोटाच्या पेरापेक्षा लहान झुडपे टिकून होती आणि त्यांच्या चिकट केसांना एक चिलट अडकले होते. मी पालथा पडून जवळजवळ वीस मिनिटे त्याकडे पाहत होतो. २०१२ च्या जुलैत पश्चिम घाटातील ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, त्यात चांदोलीचाही समावेश आहे. मला वाटते, तो मान जितका वाघाबिबट्यांचा, तितकाच या इवल्याशा झुडपाचाही आहे.

वाघावरून आठवले. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्यातून एक वाघीण चांदोलीत आणली गेली. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये, चांदोली ज्यात मोडते त्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातल्या कॅमेऱ्यात नर वाघ दिसला होता. ती वाघीण तिथे रुळावी, अशी माझी फार इच्छा आहे.

वारणेचा शेतकरी
वाघ आला तर गवे जंगलातच राहतील का, हे कोणी जाणकार सांगेल का? आमच्याकडे सध्या चहाच्या टपरीवर हाच विषय आहे.

सड्याचा सोबती
दादा, वाघ गव्याची शिकार करतो हे निश्चित. पण त्यामुळे ते उसापासून दूर राहतील, अशी हमी मी प्रामाणिकपणे देऊ शकत नाही. त्यांना रानातच चारा आणि पाणी मिळत राहणे अधिक महत्त्वाचे आहे.

सह्यगंधा
कृष्णाकाठच्या ताई, उशीर झाला, क्षमा करा. सासूबाईंना औषध देऊन जुनी छायाचित्रे उघडली. वृंदावनाशेजारी फणस नाही, आंबा आहे. मागे दगडी पायऱ्यांसारखे काहीतरी दिसते, त्यातली तिसरी पायरी खचली आहे.

कृष्णाकाठची
म्हणजे ते आमच्या घरचे नव्हे. आईला विचारले. वरच्या आळीला एका घरापुढे अशा पायऱ्या होत्या, असे ती म्हणते. त्या घरची मुलगी तिची मैत्रीण होती आणि आता ती इस्लामपुराकडे (आताच्या ईश्वरपुराकडे) असते. ताई, ते छायाचित्र मला पाठवाल का? आईला तिच्याकडे घेऊन जाते.

सह्यगंधा
आत्ताच पाठवते.