टॉन्सिलचं ऑपरेशन करताना सुईचं टोक तुटलं तर टेबलावर कुणी काय करायचं?

ओटी सिस्टर, जुळे सोलापूर
मे महिना लागला की शाळेला सुट्टी म्हणून टॉन्सिल-अडिनॉइडच्या (नाकामागची गाठ) ऑपरेशनची लिस्ट वाढते. सकाळी चार लेकरं आणि हत्यारांचे सेट दोनच, मधल्या वेळेत धुऊन ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक) करून तेच फिरतात. दोन गोष्टी विचारायच्यात. सुईचं टोक, स्नेअरची (टॉन्सिल कापायचा तारेचा फास) तार, फोर्सेप्सचा (चिमटा) दात, असं काही तोंडात तुटलं तर कुठल्या क्रमाने काय करायचं? आणि सेट मांडताना "नीट बघून घ्या" असं सगळेच सांगतात, पण नेमकं बघायचं काय?

ईएनटी, रेल्वे लाइन्स
सिस्टर, तुकडा दिसेना की आधी मोठ्याने सांगायचं. सर्जननेही, तुम्हीही. गुपचूप शोधण्यात जाणारी मिनिटंच महागात पडतात. सांगितलं की सक्शन (रक्त-लाळ ओढणारी नळी) बंद. तुकडा सक्शनमध्ये गेला असेल तर तो बाहेर आलाय, पण ते कुणालाच माहीत नसतं आणि लेकराच्या घशात शोध चालू राहतो. म्हणून जार ओतायचा नाही, नळी टाकून द्यायची नाही. दोन्ही गॉजमधून गाळून बघायचं.

गॅग (तोंड उघडं धरणारं हत्यार) सोडू नका. बॉइल-डेव्हिस गॅगची जिभेवरची पट्टी सैल झाली की जीभ वर येते आणि तुकडा जागा बदलतो. टेबलाची डोक्याकडची बाजू आणखी थोडी खाली करा, म्हणजे तो स्वरयंत्राकडे न जाता नाकामागे घरंगळेल. मग टॉन्सिलचा खड्डा, जिभेचं मूळ, व्हॅलेक्युला (त्यामागची खोबण), स्वरयंत्राच्या दोन्ही बाजूंचे पायरिफॉर्म फोसा, आणि टाळू उचलून नेझोफॅरिंक्स (नाकामागचा भाग) बघायचं. हे शेवटचं बघायचं बऱ्याचदा राहतं. रक्ताची गाठ जिथे लपते तिथेच तुकडाही लपतो.

तेवढ्यात तुमचं काम: हातात उरलेली सुई ओल्या गॉजवर ठेवा, त्याच नंबरची नवी सुई शेजारी ठेवा आणि किती मिलिमीटर कमी आहे ते सांगा. 2 मिमी शोधायचं की 8 मिमी, हे कळल्याशिवाय एक्स-रेसुद्धा नीट वाचता येत नाही. डोळ्याला दिसत नसेल तर सी-आर्म (टेबलावरच एक्स-रे दाखवणारं मशीन) घ्या. आधी मानेचा साइड व्ह्यू, मग छाती, मग पोट. खड्ड्यात अंदाजाने उकरू नका. मोठ्या माणसात आतली कॅरोटिड (मेंदूकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी) तिथून मागे-बाहेरच्या बाजूला साधारण 2.5 सेंमीवर असते, लेकरांत त्याहून जवळ.

भूलतज्ज्ञ, सात रस्ता
एक राहिलं. टाके घालायची वेळ म्हणजे केस संपत आलेली, भूल हलकी केलेली. तुकडा गेला म्हटल्यावर ती परत खोल करायची, गरज पडली तर रिलॅक्संट (स्नायू सैल करणारं औषध) द्यायचा. लेकरू खोकलं की तुकडा कुठे जाईल सांगता येत नाही. श्वासाच्या ट्यूबचा कफ (भोवतीचा फुगा) फुगलेला असेपर्यंत तो सहसा कफच्या वर अडकून राहतो आणि कफ सोडला की खाली. त्यामुळे ट्यूब काढायच्या आधी लॅरिंगोस्कोप घालून समोर बघायचं, मॅगिल (घशात पोचणारा वाकडा चिमटा) हातात तयार ठेवायचा. ट्यूब बिनकफची असेल तर हा आडोसाच नाही.

थ्रोट पॅक (घशात ठेवलेलं गॉज) घातला असेल तर शेपूट तोंडाबाहेर आणि फळ्यावर नोंद. गॉज मोजताना तोही मोजायचा.

आणि "गॅग सोडू नका" याला अपवाद आहे. गॅगचा रॅचेट (दात्यांची कुलूपपट्टी) झिजलेला असला की मध्येच एक घर सरकतो, ट्यूब पट्टीच्या खाचेतून निसटून दबते. एअरवे प्रेशर वर, कॅप्नोग्राफची (श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारं यंत्र) रेघ बदललेली, असं दिसलं तर गॅग सैल करा. श्वास आधी, तुकडा नंतर.

बायोमेडिकल, होटगी रोड
तुटतं टेबलावर, पण मोडायला सुरुवात वॉशबेसिनमध्ये होते. नळाला रोज पाणी नाही, म्हणून धुणं बोअरच्या पाण्यावर. ते इथे जड आहे, सांध्यात पांढरा थर बसतो. त्यात केस झाल्यावर सेट सलाइनमध्ये नाहीतर ब्लीचिंगच्या पाण्यात भिजत ठेवायची सवय. क्लोराइडने स्टेनलेस स्टीललाही बारीक खड्डे पडतात आणि चीर तिथूनच जाते. साध्या पाण्याने लगेच धुवा, एन्झायमॅटिक वापरा, शेवटचं खंगाळणं आरओ किंवा डिस्टिल्डचं.

दुसरं, रॅचेट लावून ऑटोक्लेव्ह करू नका. 134 अंशाला धातू फुगतो, ताण बॉक्स जॉइंटवर (दोन दांड्यांचा सांधा) येतो आणि तिथे केसासारखी रेघ उमटते. ती साध्या डोळ्याला ओरखडा वाटते. भिंगाखाली बघा आणि नखाने तपासा. नख अडलं तर तो आर्टरी (रक्तवाहिनी पकडायचा चिमटा) सेटमधून बाद.

रॅचेटची चाचणी: पहिल्या घरात बंद करा, बॉक्स जॉइंटला धरा, अंगठीची बाजू ट्रॉलीच्या कडेवर हलकेच आपटा. उघडला तर झिजलाय. स्नेअरची तार प्रत्येक पेशंटला नवी. एकदा मुडपली की पुन्हा सरळ केली तरी त्याच जागी तुटते. मोनोपोलर (विजेने रक्त थांबवायचं हत्यार) वापरत असाल तर दांड्याचं इन्सुलेशन पूर्ण लांबीभर बघा, टोकापुरतं नाही. दांडा ओठाच्या कोपऱ्याला टेकतो, तिथल्या टाचणीएवढ्या भोकानेही ओठ भाजतो. बारीक भोकं डोळ्याला दिसत नाहीत, त्यासाठी इन्सुलेशन टेस्टर लागतो.

ओटी सिस्टर, जुळे सोलापूर
रॅचेट लावूनच भरत होतो की ओ. उद्यापासून बंद. चुंबकाची कांडी ठेवली तर?

बायोमेडिकल, होटगी रोड
ठेवा, पण भरवसा नको. कात्री, क्युरेटचं (अडिनॉइड खरवडायचं हत्यार) पातं 420 जातीच्या स्टीलचं असतं, ते चिकटतं. 304 जातीच्या स्टीलची तार नीट चिकटत नाही. चुंबकाला काही लागलं नाही म्हणजे आत काही नाही असं धरून तोंड बंद करू नका.

तुटलेले दोन्ही भाग कचऱ्यात टाकू नका. रक्त धुऊन, लॉट नंबर असेल त्या पाकिटासकट डबीत ठेवा आणि मटेरिओव्हिजिलन्सला कळवा. 2015 पासून वैद्यकीय उपकरणांतल्या बिघाडाच्या तक्रारींसाठी ही वेगळी सरकारी योजना आहे, टोल-फ्री 1800-180-3024.

ईएनटी, रेल्वे लाइन्स
सेंट क्लेअर थॉमसन क्युरेटचा पिंजराही (कापलेला तुकडा धरणारी जाळी) हलवून बघत चला. त्याची खीळ ढिली होते. खुळखुळ वाजला तर त्या दिवशी बिनपिंजऱ्याचा क्युरेट द्या.