अंतराचा दुसरा डोस: टिकलेल्या बायका मोजायच्या कशा?

प्रश्न (आरोग्यसेविका, केज तालुका)
उपकेंद्रात अंतरा या गर्भनिरोधक इंजेक्शनचे पहिले डोस बरे होतात. अहवालासाठी त्या महिन्याच्या दुसऱ्या डोसांना त्याच महिन्याच्या पहिल्या डोसांनी भागते, तर टक्केवारी सारखी वर-खाली होते. दिवाळीनंतर पारच कोसळते. बायकांनी त्रासामुळं सोडलं की त्या टोळीबरोबर ऊसतोडीला गेल्या, हे ओळखायचं कसं?

उत्तर १
भागाकारच चुकतोय. ऑक्टोबरात दुसरा डोस घेणारी बाई जुलैच्या यादीतली असते. म्हणून जुलैत पहिला डोस घेतलेल्या सगळ्यांची वेगळी यादी करा आणि प्रत्येकीपुढं पुढची तारीख लिहा. डोस 3 महिन्यांनी असतो, पण तारखेच्या 2 आठवडे आधीपासून 4 आठवडे नंतरपर्यंत देता येतो. ते 4 आठवडे उलटायच्या आत ‘सोडलं’ लिहू नका.

समजा यादीत 40 जणी आहेत. 22 जणींनी डोस घेतला, 5 जणी छाया या गर्भनिरोधक गोळ्यांवर किंवा तांबीवर गेल्या, 3 जणींना मूल हवंय, 10 जणींचा पत्ता नाही. इंजेक्शनवर टिकल्या 40 पैकी 22, म्हणजे 55 टक्के. पण साधन बदललेली बाई सेवेतून गेलेली नसते. मूल हवं असलेल्या 3 वगळा: 37 पैकी 27, म्हणजे 73 टक्के. दोन्ही आकडे लिहा. खरं काम त्या 10 जणींचं आहे. आशाताईंकडून प्रत्येकीचं कारण आणा.

उत्तर २
ऊसतोडीसाठी वेगळा रकाना हवा: गाव सोडण्याची तारीख आणि कारखान्याचा भाग. पुढच्या डोसाची तारीख 2 आठवड्यांत येत असेल तर निघण्याआधीच डोस द्या. अंतराचं कार्ड सोबत द्या आणि पुढचा डोस तिकडच्या सरकारी दवाखान्यात घ्यायला सांगा. परतल्यावर 4 आठवड्यांहून जास्त उशीर झाला असेल तर आधी गर्भ नाही याची खात्री करा. डोस दिल्यावर 7 दिवस निरोध वापरायला सांगा.

उत्तर ३
टिकण्याच्या आकड्यावरून गुणवत्ता कळत नाही. तांबी काढायला आलेलीला समजूत घालून परत पाठवलं तरी आकडा चांगलाच दिसतो! मागितल्यावर त्याच दिवशी काढून दिली का, हेही मोजा.

साधन घेऊन उपकेंद्रातून बाहेर पडणाऱ्या बाईला चार गोष्टी विचारा: दुसरी साधनं सांगितली का, काय त्रास होऊ शकतो ते सांगितलं का, त्रास झाला तर काय करायचं ते सांगितलं का, साधन बदलता येतं हे सांगितलं का. चारही ‘हो’ असतील तरच तिला पूर्ण माहिती मिळाली असं धरा. इंजेक्शन देणाऱ्या सिस्टरनं स्वतः विचारू नये, सासूसमोर तर नाहीच. दोन्हीकडं उत्तर ‘हो’च येतं. शिवाय नुसतं ‘सांगितलं का’ न विचारता ‘पाळी थांबली तर काय समजायचं?’ असं विचारा. अंतरानं पाळी अनियमित होते, पुढं थांबतेही. हे आधी सांगितलं नसेल तर ‘पोटात घाण साठते’ या भीतीनं बाई दुसऱ्या डोसाला येत नाही.

प्रश्नकर्ती
टोळ्या निघायच्या आत जुलैची यादी करते. पत्ता न लागलेल्या बायका छेदात ठेवायच्या ना?

उत्तर १
हो, ठेवायच्याच. काढल्या की टक्केवारी फुगते.