लठ्ठपणावरच्या पत्रकासाठी फोटो कसा निवडावा?

धाकटा, रामबाग, इंदूर
४ मार्चला जागतिक लठ्ठपणा दिन असतो. त्या आठवड्यात आमच्या मंडळाचं साखर-रक्तदाब तपासणीचं शिबिर आहे, आणि पत्रक माझ्याकडे आलंय. मजकूर झाला, अडलंय फोटोपाशी. नेटवर शोधलं की तेच ते: मानेपासून वर कापलेली बाई, शर्टाच्या बटणांतून डोकावणारं पोट, हातात समोसा, कमरेला टेप.

मला हे लावायचे नाहीत, आणि त्याला कारण माझी ताई. तीन वर्षांपूर्वी ती इथल्या छप्पन दुकान या खाऊगल्लीत मुलीसाठी कुल्फी घेत उभी होती. कुणीतरी पाठमोरा फोटो काढला आणि वाढत्या वजनाच्या बातमीवर तो छापून आला. डोकं कापलं म्हणजे ओळख लपली, असं त्यांना वाटलं असेल. पण जांभळी महेश्वरी साडी आणि भाचीची लाल वॉटरबॅग आम्ही ओळखणार नाही का? ताईच्या वर्गातल्या मुलांनीही ओळखली. ती साडी तिने परत नेसली नाही.

मंडळातले एक काका म्हणतात, "जरा धास्ती बसली तरच लोक येतील." त्यांना काय सांगू? आणि लावू तरी कोणता फोटो?

आहारतज्ज्ञ, वडोदरा
दादा, धास्ती बसलेली माणसं दवाखान्यात यायचंच टाळतात. माझ्याकडच्या कितीतरी बायका वजनकाट्याकडे पाठ करून बसतात. खाण्यावरून आयुष्यभर ऐकून घेतलेलं असतं. थायरॉइड, पीसीओएस (बायकांमधला संप्रेरकांचा बिघाड), झोप, चालू असलेली औषधं, घराण्यातली ठेवण याबद्दल कुणी विचारलेलंच नसतं. समोशाचा फोटो तेच पुन्हा ऐकवतो.

आणखी एक, काकांना हे नक्की सांगा. जगात बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) ३० पासून लठ्ठपणा धरतात, आपल्याकडे डॉक्टर २५ पासून, कारण भारतीयांना मधुमेह कमी वजनातच गाठतो. तुम्ही भल्यामोठ्या पोटाचा फोटो लावलात, तर पाच फूट उंचीच्या, साठ किलोच्या काकू "हे माझ्यासाठी नाही" म्हणून पुढे जातील. त्यांचा बीएमआय २५ च्या वर आहे. शिबिर त्यांच्यासाठीच आहे ना?

फोटोग्राफर, ग्वाल्हेर
वर्ल्ड ओबेसिटी फेडरेशन आणि अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठाचं रड सेंटर, दोघांनीही चांगले फोटो जमवून ठेवलेत. त्यांत माणसांचे चेहरे दिसतात, माणसं रोजची कामं करताना दिसतात. वापराच्या अटी वाचा, श्रेय द्या. २०११ मध्ये अमेरिकेत बातम्यांच्या वेबसाइटवरचे फोटो तपासले होते; जाड माणसांच्या फोटोंपैकी ७२ टक्के त्यांना कमी लेखणारे निघाले.

ओळखीच्या कुणाचा काढणार असाल तर तो कुठल्या मजकुराशेजारी लागणार हे सांगूनच परवानगी घ्या. लग्नातला फोटो द्यायला हरकत नाही म्हणणारी व्यक्ती या पत्रकाला हो म्हणेलच असं नाही. मी फोटो निवडताना एकच बघतो: हीच चौकट सडपातळ माणसाची असती, तर मी डोकं कापलं असतं का?

धाकटा, रामबाग, इंदूर
दोघांचेही मनापासून आभार. साठ किलोचं गणित काकांना पटलं, काल ते काकूंचं नाव शिबिरात लिहून गेले.

ही उत्तरं मी ताईलाही वाचून दाखवली. रात्री तिचा फोन आला: "माझाच काढ. चेहरा पूर्ण दिसायला हवा, आणि छपाईला देण्याआधी मला दाखवायचं." ती रविवारी सकाळी पेटी घेऊन बसते, तेव्हाचा काढतोय. जांभळी साडी नेसायची का, ते तिने अजून सांगितलं नाही, मीही विचारलेलं नाही.