ओपन वॉटरनंतर लगेच ॲडव्हान्स्ड? माझं मत: नको

कृष्णाकाठ (सांगली):
दिवाळीनंतर मालवणचा स्कूबा डायव्हिंगचा हंगाम सुरू झाला की आपल्याकडे चौकशी सुरू होते. बेत ठरलेला: एकाच सुट्टीत ओपन वॉटर (पहिला कोर्स) आणि ॲडव्हान्स्ड (त्यापुढचा) दोन्ही उरकायचं. नका करू. ओपन वॉटरला समुद्रात चार डाइव्ह, मर्यादा १८ मीटर. ॲडव्हान्स्डला आणखी पाच, की ३० मीटरचं कार्ड खिशात. तिथं दाब चौपट, हवाही चौपट लागते. ११ लिटरच्या सिलिंडरात २०० बार (हवेच्या दाबाचं माप); ५० बार राखले की १६५० लिटर हाती. वर मिनिटाला २० लिटर ओढणारा नवखा खाली ८० ओढतो. वीस मिनिटांत खेळ खल्लास!

आधी दहा-पंधरा साध्या डाइव्ह करा. श्वास घेतला की जरा वर, सोडला की जरा खाली, हात न हलवता, एवढं जमवा. नदीत पोहणारे इथंच फसतात: हातांनी पाणी कापत राहतात आणि हवा संपवतात. शिवाय तलावात बरोबर बसलेलं वजन समुद्रात कमी पडतं. खारं पाणी जास्त उचलतं, पट्ट्याला दोन-तीन किलो वाढवावे लागतात.

अजिंक्यतारा (सातारा):
हिशोब पटला, निष्कर्ष नाही. त्या पाचांत सक्तीच्या दोनच, खोल डाइव्ह आणि होकायंत्र. उरलेल्या तीनांत बॉयन्सी, म्हणजे पाण्यात तरंगतं राहण्याचा तोल, घ्या की. इन्स्ट्रक्टर शेजारी असताना चूक तिथल्या तिथं सुधारते. त्याच्याविना दहा डाइव्हमध्ये वाईट सवय मुरते. अंदमानात जॉनीज गॉर्जसारख्या खोल जागी ॲडव्हान्स्डशिवाय सहसा नेतही नाहीत.

कृष्णाकाठ:
मग अंदमानात गेल्यावर तिथंच करा ना. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या उथळ पाण्यात कसली खोल डाइव्ह शिकणार?

मिरजकर:
दोघंही एक विसरलात, नायट्रॉक्स, म्हणजे जास्त ऑक्सिजन आणि कमी नायट्रोजनची हवा. त्याचा कोर्स दिवसभरात होतो, पाण्यात उतरायची सक्ती नाही. अंगात नायट्रोजन साठतो म्हणून खाली थांबायला मर्यादा असते: १८ मीटरवर साध्या हवेनं ५६ मिनिटं थांबता येतं, ३२ टक्के ऑक्सिजन असेल तर ९५.

कृष्णाकाठ:
मिरजकर, नवख्याचा सिलिंडर १८ मीटरवर अर्ध्या तासात संपतो. त्या ९५ मिनिटांचं काय लोणचं घालायचं?

मिरजकर:
पहिल्या डाइव्हपुरतं खरं आहे. दुसऱ्या-तिसऱ्या डाइव्हला आधीचा नायट्रोजन अंगात असतो, तेव्हा मुभा झपाट्यानं घटते आणि फरक तिथं कळतो. मात्र ३२ टक्क्यांवर साधारण ३३ मीटरच्या खाली जायचं नाही, ऑक्सिजननं पाण्यातच झटके येऊ शकतात. म्हणून सिलिंडर स्वतः ॲनलायझरवर तपासायचा आणि टक्के व खोली चिकटपट्टीवर लिहायची. दुकानदारानं लिहिलंय म्हणून मान डोलवायची नाही.

घाटमाथा (सातारा):
कार्डांवर भांडताय, पण परतीचं कोण बोलणार? दुपारी डाइव्ह, संध्याकाळी आंबोली चढून घरी, हे बंद करा. घाट चढताना हवेचा दाब घटतो, अंगातल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात, सांधे धरतात. विमानासाठी एका डाइव्हनंतर किमान १२ तास, अनेक डाइव्हनंतर १८ तास थांबायला सांगतात, आणि तो सल्ला ६०० मीटर उंचीपासूनच लागू होतो.

कृष्णाकाठ:
सांगली साडेपाचशेवरच आहे हो.

घाटमाथा:
सांगली असेल. वाटेतली आंबोली ६९० वर आहे, ती काय पोखरून जाणार? शेवटची रात्र मालवणातच काढा.