डिझेल गाडीचे दिवस : तुमचे अनुभव इथे लिहा

घाटवाट :
शेजारच्या काकांनी निवृत्तीनंतर हौसेनं डिझेल एसयूव्ही घेतली. काल तिचा डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा लागला. सर्व्हिस सेंटरचा मुलगा म्हणाला, हायवेला एका वेगात पळवून आणा, फिल्टरमध्ये साठलेली काजळी जळून जाईल. काका कोथरूडहून मंडईत जातात नि परत येतात, त्यांनी हायवे कुठून आणायचा? आज सकाळी त्यांच्याबरोबर खेड शिवापूरच्या पुढपर्यंत जाऊन आलो, दिवा गेला. येताना सगळा वेळ मामाच्या जीपबद्दलच बोलत होतो.

मामाची कमांडर अकोले-राजूर रस्त्यावर चालायची. प्यूजोच्या परवान्यावर बनवलेलं इंजिन. थंडीत हिटर धरायचा, मग सेल्फ. रोज सकाळी फिल्टरच्या खालचा स्क्रू सैल करून पाणी काढायचा, पावसाळ्यात तर हटकून निघायचं. मग हातपंप मारून हवा काढायची. डिझेल एकाच पंपावर भरायचा आणि तिथं टँकर रिकामा होत असला तर न भरता पुढं निघायचा, कारण तळातला गाळ तेव्हा ढवळून वर येतो. गाडी रस्त्यानं कमी आणि टाकीतून जास्त बिघडते, असं त्याचं ठाम मत होतं. मलाही ते पटतं.

मायलेज, भेसळ, दुरुस्ती, खर्च, काहीही लिहा. कंपन्यांवरून भांडण नको. गावाचं नाव मात्र जरूर लिहा.

सुरंगी :
टँकरवालं आमचे बाबापण सांगायचे!! इंडिका होती आमच्याकडे, २००१ ची. चिपळूण-पुणे कुंभार्ली घाटातून. पाच माणसं, वर आंब्याच्या पेट्या. एसी लावला की चढाला दम लागायचा, बाबा न बोलता एसी बंद करायचे आणि आम्ही न बोलता काचा खाली करायचो.

नोझलवाला :
सांगलीत आमचं पंप-नोझल कॅलिब्रेशनचं दुकान आहे, वडिलांपासून. घाटवाट, तुमच्या मामांचं बरोबर आहे, पण त्यात एक भर. त्या जुन्या इंजिनांना चाळण लावून काहीही पाजलं तरी ती चालायची, कारण डिझेल फवारणारं नोझल दोनशे बार दाबाच्या आसपास उघडायचं. आता कॉमन रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणारी एकच नळी) १६०० ते २००० बार दाब असतो आणि गाडीतल्या डिझेल पंपाच्या आतले भाग एकमेकांत मायक्रॉनच्या फटीनं बसवलेले असतात. त्यांना वंगण कोण देतं? डिझेलच देतं, वेगळं ऑइल तिथं नसतं. डिझेलमध्ये रॉकेल मिसळलं की वंगण कमी होतं, पंप घासतो, त्याचा चुरा चारी इंजेक्टरमध्ये जातो. मग नुसता इंजेक्टर बदलून भागत नाही. टाकी, पाइप, रेल, सगळं धुवायला लागतं. गिऱ्हाईकाला वाटतं आम्ही लुटतो.

गंधकाचं पण सांगतो. नव्वदच्या सुरुवातीला डिझेलमध्ये १ टक्क्यापर्यंत गंधक चालायचं, म्हणजे १०,००० पीपीएम (दहा लाखात दहा हजार भाग). मग प्रदूषणाचे भारत स्टेज (बीएस) नियम आले, बीएस-३ ला ३५०, बीएस-४ ला ५० आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ ला १०. पूर्वी त्या गंधकानं ऑइल लवकर खराब व्हायचं, म्हणून जुने ड्रायव्हर ऑइल बदलायची घाई करायचे. लोक म्हणतात पूर्वीचं डिझेल चांगलं होतं. तेल आज कितीतरी स्वच्छ आहे. नाजूक झालीय ती गाडी.

चहाटळ_नको :
+१ शेवटच्या ओळीला

मनमाडकर_सून :
भेसळीचा विषय निघाला म्हणून लिहिते. माझं सासर मनमाडजवळ. पानेवाडीला इंधनाचे मोठे डेपो आहेत, टँकरची रांग आमच्या रोजच्या बघण्यातली. २५ जानेवारी २०११ ला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना इथंच जिवंत जाळलं. भेसळ चालली होती ती बघायला ते थांबले होते. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. शाळेत झेंडावंदनाला कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं, सर भाषण न करता खाली बसले. तेव्हा रेशनचं रॉकेल स्वस्त, डिझेल महाग, मधला फरक खिशात घालायचा, एवढ्यासाठी माणूस गेला. आमच्याकडे ट्रक होता. सासरे त्यानंतर कधीच कमी भावाचं डिझेल घ्यायला तयार झाले नाहीत, धंद्यात ओढाताण होती तरी.

घाटवाट :
ताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. नव्या मुलांना हे नाव माहीतच नसतं.

सह्यकडा :
तेव्हा मी कॉलेजात होतो. राज्यभर सरकारी कर्मचारी कामबंद होते. अजून आठवतं.

कागलचा_पोरगा :
आमाला काय, कर्नाटकातलं निपाणी ईसभर किलोमीटर. तिकडं डिझेल स्वस्त हुतं तवा टाकी फुल करूनच माघारी यायचो. लिटरमागं दोन-तीन रुपयं जरी कमी आसलं तरी ट्रकवाल्याला चारशे लिटरमागं हजारभर सुटायचं. म्हणून तर हद्दीच्या अलीकडचं पंप ओस आणि पलीकडं रांग आसायची.

सुरंगी :
निपाणी म्हटलं की मला तवंदी घाट आठवतो, पावसाळ्यात काय दिसतो!

कागलचा_पोरगा :
या की ताई श्रावणात. जेवायला घरीच.

बांदेकरीण :
आमी पत्रादेवीक जातो, गोव्यात. सावंतवाडीचे अर्धे गाडये थयच भरतत. पण घोवान एकदा हिशोब घातल्यान, निस्त्या डिझेलासाठी गेलास तर जावन-येवन वाचला ता सगळा जळता. बाजार करूचो असलो तरच जावचा.

हिशेबनीस :
बांदेकरीणताईंचा हिशेब लाखमोलाचा. नवी गाडी घेणाऱ्यांनीही तो करावा. मी भाच्यासाठी केलेला इथे देतो. पुण्यात पेट्रोल १०४, डिझेल ९१ धरलं. पेट्रोल गाडी लिटरला १५, डिझेल २०. म्हणजे किलोमीटरला ६.९३ विरुद्ध ४.५५. वाचतात २ रुपये ३८ पैसे. डिझेल मॉडेल सव्वा लाखानं महाग होतं, तेव्हा साधारण साडेबावन्न हजार किलोमीटर झाल्यावर बरोबरी. त्यात डिझेलचा जास्तीचा विमा, कर्जाचं व्याज, मोठ्या गाडीत धूर स्वच्छ करायला लागणारं युरियाचं द्रावण (डीईएफ) धरलं तर आणखी पुढे. भाचा महिन्याला सहाशे किलोमीटर चालवतो. त्याला पेट्रोल घे म्हणालो. नाशिक-मुंबई रोजचा माल नेणाऱ्याला मी हेच कधीच सांगणार नाही.

२०१२ च्या सुमारास दोघांच्या भावात पंचवीस-तीस रुपयांचं अंतर होतं, तेव्हा डोळे मिटून डिझेल घेत होते लोक. जानेवारी २०१३ पासून महिन्याला ५० पैसे वाढवत नेले, ऑक्टोबर २०१४ मध्ये भाव पूर्ण मोकळे केले. तिथून सगळं गणित बदललं.

चहाटळ_नको :
काका एक्सेल पाठवा ना

हिशेबनीस :
व्यक्तिगत निरोपातून पाठवतो.

लालपरीची_लेक :
बाबा एसटीत ड्रायव्हर होते, कराड डेपो. एसटीत लिटरला किती हे विचारत नाहीत, दहा लिटरला किती किलोमीटर ते मोजतात. केपीटीएल. बाबांचं केपीटीएल डेपोत वरच्या नंबरात असायचं. उताराला गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे होते, बाबा त्यांच्यावर चिडायचे. "मागं पन्नास जीव बसलेत, गिअरात ठेव." त्यांचं वाचायचं ते पुढचा थांबा ओळखून लवकर पाय काढण्यात. घरी येताना शर्टाला डिझेलचा वास. आईला नको व्हायचा, मला आवडायचा. बाबा मागच्या वर्षी गेले. इथं वाचताना बरं वाटतंय.

सुरंगी :
🙏 तुमच्या बाबांना नमस्कार. कोणत्या रूटला असायचे?

लालपरीची_लेक :
बरीच वर्षं कराड-चिपळूण. म्हणजे तुमचाच कुंभार्ली घाट!

सुरंगी :
अगं मग आमची इंडिका त्यांच्या मागेच असणार!

हर्णैची_मावशी :
गाडी नाही हो आमची, होडी आहे. सहा सिलिंडरचं इंजिन. ट्रिपला निघायचं तर आधी डिझेल आणि बर्फ, मग बाकीचं. सोसायटीतून डिझेल मिळतं, त्यावरच्या कराचा परतावा सरकार देतं, पण येतो तेव्हा येतो. तोवर उसनवारी. १ जून ते ३१ जुलै बंदी असते, तेव्हा माझे यजमान टाकी उघडून तळ पुसून काढतात. समुद्रावरच्या हवेनं टाकीत आतून पाणी धरतं. भर समुद्रात इंजिन बंद पडलं तर ढकलायला कोणी नसतं, म्हणून हे काम ते दुसऱ्या कोणाला देत नाहीत.

नोझलवाला :
मावशी, यजमानांना सांगा, बंदीच्या आधी टाकी अर्धी रिकामी ठेवू नका. एक तर पूर्ण भरा, नाहीतर पूर्ण काढा. रिकाम्या जागेतल्या हवेचंच पाणी होतं.

हर्णैची_मावशी :
सांगते. भरून ठेवायला पैसे तेव्हाच नसतात रे बाबा.

नेकार_काठी :
श्टुटगार्टमधून. इथे डिझेलवरचा कर लिटरला ४७ सेंट, पेट्रोलवर ६५, म्हणून डिझेल स्वस्त. पण वर्षाचा वाहनकर डिझेलला १०० सीसीमागे साडेनऊ युरो, पेट्रोलला दोन. म्हणजे लांब फिरणाऱ्यालाच परवडावं अशी रचना. १ जानेवारी २०१९ पासून युरो-४ प्रदूषण-नियमांच्या आणि त्याहून जुन्या डिझेलला शहरात बंदी आली, शहरातल्या रहिवाशांना १ एप्रिलपासून. आमच्या घरमालकीणबाईंची जुनी, ठणठणीत गाडी एका रात्रीत दाराबाहेर नेता येईना. त्या रडल्या होत्या, नवऱ्याची गाडी होती.

यमुनापार :
नोएडातले मराठी इथे कोण आहेत का? आमचंही तेच. एनसीआरमध्ये (दिल्ली आणि भोवतालच्या भागात) १० वर्षांवरच्या डिझेलला बंदी, हरित लवादाने २०१५ ला सांगितलं, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ ला कायम केलं. आमची गाडी जेमतेम ७० हजार चाललेली, धूर नाही, काही नाही. एनओसी काढून मातीमोल भावात विकली, जळगावला गेली. घेणारे दादा अधूनमधून फोटो पाठवतात, केळीच्या बागेजवळ उभी असते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने तूर्त कारवाई नको म्हटलं, तोवर आमची गाडी गेलेली. वय बघण्यापेक्षा धूर मोजा ना!

सह्यकडा :
खरंय. नीट ठेवलेली दहा वर्षांची गाडी आणि हयगयीची चार वर्षांची, यात जास्त धूर कोणाचा हे पीयूसीवाला नीट मोजेल तर कळेल. वाईट वाटलं वाचून.

रोटावेटर :
जळगावला डिझेल गाडीचं नशीब उघडतं 😀 आमच्याकडे रावेरला अजून कितीतरी जुन्या जीपा रानात फिरतात. ट्रॅक्टरचं सांगू का, रोटावेटर लावला की तासाला पाच लिटरच्या आसपास जातं. भाड्याचा एकरी दर वाढवला की शेतकरी नाराज, नाही वाढवला तर हप्ता थकतो. बाकी काम आहे, नंतर लिहितो.

अश्विनमास :
महत्त्वाचं: बहिणीच्या डिझेल गाडीत पंपावरच्या मुलाने पेट्रोल सोडलं. भाऊजी ओरडले, चावी फिरवू नको! तिथूनच गाडी ढकलून बाजूला घेतली, टाकी रिकामी केली, वाचलं. चालू केली असती तर नोझलवाला दादांनी लिहिलंय तेच झालं असतं ना?

नोझलवाला :
तेच. पेट्रोलनं गाडीतला डिझेल पंप कोरडा पडतो. भाऊजी हुशार.

पहिल्यांदाच_लिहितेय :
पंपावर संशय आला तर आपण काय मागू शकतो? कोणी नीट सांगाल का

हिशेबनीस :
दोन गोष्टी हक्कानं मागा. माप कमी वाटलं तर पाच लिटरचं वैधमापन शिक्क्याचं माप, तुमच्यासमोर भरून दाखवायला लागतं. आणि घनता. पंपावर हायड्रोमीटर, थर्मामीटर असतो, रोजची नोंद असते. १५ अंश तापमानाला बदलून बघतात, बीएस-६ डिझेल साधारण ८१० ते ८४५ (किलो प्रति घनमीटर) मध्ये हवं, आणि टँकरच्या चलनावरच्या आकड्याशी ३ पेक्षा जास्त फरक नको. रॉकेल हलकं असतं, मिसळलं की आकडा खाली येतो. फिल्टर पेपरची चाचणी पेट्रोलसाठी, डिझेलला तिचा उपयोग नाही. बिल मात्र घ्याच, त्याशिवाय तक्रार टिकत नाही.

पहिल्यांदाच_लिहितेय :
धन्यवाद काका, स्क्रीनशॉट काढला

कागलचा_पोरगा :
ओ नोझलवाले, सांगलीत दुकान कुठं म्हणायचं? भावाचा टेम्पो पांढरा धूर सोडतोय सकाळचा, उद्या घिऊन येतो

नोझलवाला :
माधवनगर रोड. सकाळी या, गाडी गार असताना. गरम झाल्यावर धूर दिसत नाही, निदान चुकतं. रात्रीत रेडिएटरचं पाणी उतरतंय का तेवढं बघून ठेवा.